शेवटच्या खांबाचे पाणी

अग्नीशी आपले नाते मोठे विलक्षण आहे. समईत तो मंगल, होमकुंडात तो देवांचे मुख, चुलीत तो अन्नदाता. आणि तोच मंडपाच्या कनातीला लागला की त्याच्याइतका निर्दय दुसरा कोणी नाही. त्याच्या पहिल्या रूपाची पूजा आपल्या देवळांतून नित्य होते. दुसऱ्या रूपाची आठवण मात्र एखादी दुर्वार्ता कानी आल्यावाचून होत नाही. २ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री मदुरईच्या मीनाक्षी मंदिरात दुकानांना आग लागली आणि वीरवसंतराय मंडपाची फार हानी झाली. ती वार्ता आली, आणि फोंड्याकडच्या ज्या देवस्थानाचे कायदेविषयक काम आम्ही पाहतो, तेथील समितीनेही आवारात हायड्रंट बसविण्याचा ठराव केला.

ठराव करणे सोपे. हायड्रंट म्हणजे जमिनीखालून जाणाऱ्या, सदैव दाबाखाली असलेल्या जलवाहिनीतून वर आलेला लोखंडी खांब. त्याला एक व्हॉल्व्ह आणि बंबाची नळी जोडण्याचे तोंड. त्याची गरज काय, हे एका त्रैराशिकाने कळते. अग्निशमन दलाच्या नेहमीच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावते. एक नळी मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर सोडते. म्हणजे दहा मिनिटांत बंब रिकामा! पुढचे पाणी आवारातच असावयास हवे.

आमच्या देवस्थानात पहिला आक्षेप आला तो एका वयोवृद्ध महाजनांचा. दीपस्तंभाकडे पाहत ते म्हणाले, "वकीलबाब, देवाच्या दारांत हो लोखणाचो खांबो कित्याक?" त्यांच्या दुःखात तथ्य होते. पण त्यांचे मन राखावे म्हणून ठेकेदाराने जो उपाय काढला, तो रोगापेक्षा भयंकर होता. त्याने खांब अग्रशाळेच्या भिंतीला अगदी खेटून, कोपऱ्यात लपवून उभे करावयास घेतले. बाहेरच्या हायड्रंटांसाठी 'भारतीय मानक १३०३९' आहे. ते आम्ही समितीपुढे वाचून दाखविले. खांब इमारतीच्या भिंतीपासून निदान दोन मीटर दूर हवा. कारण उघड आहे. ज्या भिंतीला आग लागली तिच्या कुशीतला खांब आगीतच सापडतो. तेथवर जाणार कोण? आणि त्याचे तोंड जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीवर हवे, म्हणजे अंधारात, धुरात, उभ्या माणसाच्या हाताला ते सापडेल. एवढे ऐकल्यावर त्या महाजनांनीच पालखीचा मार्ग सोडून मोकळ्या जागा दाखविल्या. सौंदर्य आणि सुरक्षितता यांचे भांडण बहुधा जागा नीट न पाहिल्यामुळेच होते.

दुसरा वाद जमिनीखालचा. जलवाहिनी मीटरभर खोल पुरावी, असा दंडक. परंतु आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो, आणि जांभा फोडण्याची मजुरी ठेकेदाराच्या जिवावर येते. त्याने हातभर चर खणून 'एवढे शक्यतो पुरे' असे सांगितले. कायद्यात 'शक्यतो' हा शब्द फार सोयीचा असतो. जत्रेच्या सामानाचा ट्रक उथळ नळावरून गेला म्हणजे तो शब्द उपयोगी पडत नाही. चर पुन्हा खणविले. जेथे वाहिनी वळते तेथे काँक्रीटचे ठोकळे घालविले; नाहीतर पाण्याच्या धक्क्याने सांधा निसटतो. आणि कामाच्या दीडपट दाबाने वाहिनी तपासून होईपर्यंत सांधे मातीने झाकू दिले नाहीत. पुरलेल्या दोषाला साक्षीदार नसतो.

तिसरी गोष्ट दाबाची. सर्वांत दूरच्या खांबावरही चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब मिळावा. हा दाब म्हणजे पस्तीस मीटर उंच पाण्याचा स्तंभ. आपले दीपस्तंभ त्याच्यापुढे ठेंगणेच. म्हणून नुसत्या गच्चीवरच्या टाकीने भागत नाही, पंप लागतो; आणि आगीच्या वेळी वीज प्रथम तोडतात, म्हणून जोडीला डिझेलवर चालणारा पंपही लागतो. पूर्वजांनी बांधलेली तळी हा याबाबतीत मोठाच ठेवा आहे. मात्र बंब तिच्या काठापर्यंत पोहोचला पाहिजे, कारण पंप व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडून पाणी वर ओढू शकत नाही. काठावर कायमची दुकाने बसविली की तळी केवळ शोभेची उरते.

चौथी गोष्ट जोडणीची. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहर जळत असता शेजारच्या शहरांचे बंब धावून आले. पण त्यांपैकी कित्येकांच्या नळ्या तेथल्या हायड्रंटांना बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. आपल्याकडे त्रेसष्ट मिलिमीटरची झटकन बसणारी जोडणी रूढ आहे. तरीही खांब घेण्यापूर्वी स्थानिक दलाची नळी आणवून ती प्रत्यक्ष लावून पाहावी, असा आमचा आग्रह होता. नळ्याही पंधरा मीटरच्या असतात. खांबापासून अंतर मोजावयाचे ते नकाशावर पट्टीने नव्हे, तर नळी जशी कोपरे वळत जाईल तसे, पायांनी चालून.

काम संपले. ठेकेदाराने दाखला पुढे केला आणि शेवटचा हप्ता मागितला. समितीतील सज्जनांना तो देऊन मोकळे व्हावयाचे होते. आम्ही म्हटले, "आधी शेवटचा खांब उघडा." पहिल्या खांबाचा फवारा मंडपाच्या कौलांवरून पलीकडे गेला. शेवटच्या खांबातून मात्र तांब्यातून अर्घ्य द्यावे तशी धार पडली. शोध केला तेव्हा कळले की मधला व्हॉल्व्ह अर्धवट बंद होता, आणि अंगणाला नवी फरशी घालताना त्याचे झाकणच तिच्याखाली गाडले गेले होते. दाखला खोटा नव्हता. तो पहिल्या खांबापाशी उभे राहून लिहिलेला होता, इतकेच. फरशी फोडली, झाकण वर आणले, आणि पाणी आले तेव्हाच हप्ता दिला.

आमच्या धंद्यात कागदाला मोल आहे. परंतु आगीच्या न्यायालयात कागद पुरावा म्हणून दाखल होत नाही. तेथे एकच साक्ष चालते, ती पाण्याची. आणि ती एकदा घेऊन भागत नाही. खांबाला टेकून खाज्याचे दुकान लागते, नळीच्या पेटीत झाडू ठेवतात, डिझेल संपते. म्हणून जत्रेच्या यादीत तेल, कापूर, फुले यांच्याबरोबर एक ओळ वाढवावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे: 'सर्वांत दूरचा हायड्रंट उघडून पाहणे.' ज्या भाविकाला दाटीमुळे देवळाच्या कडेला, सर्वांच्या मागे उभे राहावे लागते, त्याच्या वाट्याला शेवटचाच खांब येतो. देवाच्या दारी त्याचा हक्क पहिल्या रांगेतल्या यजमानाहून तसूभरही कमी नाही.