गाडीची बॅटरी आणि पेढीची पत

बँकेत असताना तारणाचे मूल्यांकन करण्यात माझी हयात गेली. माल गोदामात आहे काय, यंत्र चालू स्थितीत आहे काय, हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मी कधी मंजुरीच्या कागदावर सही केली नाही. असे असूनही निवृत्तीनंतर एका बॅटरीच्या निवडीत माझा हिशेब चुकता चुकता राहिला. ती हकिकत येथे सांगावीशी वाटते, कारण ती आपल्यापैकी कोणत्याही पेढीवर घडू शकेल अशी आहे.

माझे मेहुणे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी एक वापरलेली बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली. दोनच आसनांची, कळ दाबताच छप्पर दुमडून मागे जाणारी स्पोर्ट्स कार! नातलगांत थोडी कुजबुज झाली. ते हसून म्हणत, "चाळीस वर्षे हळदीच्या पोत्यांवर बसलो, आता जरा मऊ आसनावर बसू द्या." रविवारी सकाळी अक्काला शेजारी बसवून ते कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री जाऊन येत. तेवढाच त्या गाडीचा प्रवास.

मेहुणे गेले आणि गाडी वखारीमागच्या शेडमध्ये दोन वर्षे उभी राहिली. शेवटी अक्काच म्हणाली, "उभी गाडी बघवत नाही. कुणीतरी चालवू दे." इचलकरंजीचे एक यंत्रमागधारक रविवारी गाडी पाहण्यास येणार असे ठरले. भाच्याने किल्ली घेतली, पण गाडीतून साधा आवाजही आला नाही.

त्यात नवल नव्हते. गाडी बंद असली तरी तिचे कुलूप, धोक्याचा भोंगा, घड्याळ यांना थोडा थोडा प्रवाह लागतोच. तो अवघा २० मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास खर्ची पडतो. ७० अँपिअर-तासांची भरलेली शिल्लक या हिशेबाने पाच महिन्यांच्या आत शून्यावर येते. पुढे रिकाम्या बॅटरीतील पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात आणि मग कितीही चार्ज केले तरी ती पूर्ववत होत नाही. नुसते पडून राहिलेले भांडवल झिजते, हे मी कर्जदारांना नेहमी सांगत असे. ते येथे अक्षरशः खरे ठरले.

भाच्याने बाजारात चौकशी केली. साधी, पातळ आम्ल भरलेली बॅटरी निम्म्या किमतीत मिळत होती. "मामा, रविवारपुरती चालली की झाले. पुढचे ते बघतील." मी मान डोलावली. विकावयाच्या मालावर खर्च वाढवू नये, हा धडा मीच त्याला दिलेला होता.

बॅटरी बसविण्यासाठी बोलावलेले मिस्त्री वयस्क होते. त्यांनी गाडीची डिकी उघडून आम्हांला आत वाकावयास सांगितले. या गाडीची बॅटरी पुढे इंजिनापाशी नसून मागे डिकीत असते. पुढचे वजन कमी होऊन ते दोन्ही चाकांवर नीट विभागले जावे, हा त्यामागील हेतू. जुन्या बॅटरीला एक बारीक नळी जोडलेली होती आणि ती गाडीबाहेर जात होती. मिस्त्री म्हणाले, "साहेब, साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बॉनेटखाली तो हवेत निघून जातो. इथे नळीशिवायची बॅटरी ठेवली, तर बंद डिकीत साचेल. मग एक ठिणगी पुरे."

मी घरी येऊन गप्प बसलो. अक्काने कारण विचारले, तेव्हा सगळे सांगितले. ती काही न बोलता आत गेली आणि मेहुण्यांचा जुना रोजमेळ घेऊन आली. मागच्या वेळी बॅटरी बदलली होती, त्या दिवसाची नोंद त्यांच्या अक्षरात होती: '७० अँपिअर-तास, एजीएम. नळी जोडून घेतली. गाडीच्या संगणकात नोंद करविली. जुनी परत दिली, वजावट मिळाली.' अक्का एवढेच म्हणाली, "स्वतःच्या गाडीत ही, आणि दुसऱ्याच्या गाडीत ती?"

दुसऱ्या दिवशी भाचा दुसऱ्या टोकाला गेला. "मग लिथियमचीच घेऊ, स्पोर्ट्स कारला शोभेल." हा विचार निराधार नव्हता. पोर्शे कंपनीने २०१० पासून आपल्या काही स्पोर्ट्स कारसाठी लिथियम बॅटरी देऊ केली होती. तिचे वजन सहा किलोंहून कमी, म्हणजे शिशाच्या बॅटरीपेक्षा सुमारे दहा किलोंनी हलके. मात्र कडक थंडीत तिची ताकद कमी पडते, म्हणून कंपनी सोबत एक नेहमीची बॅटरीही देत असे. शर्यतीत दहा किलोंना मोल आहे. आमची गाडी तर शिशाच्या बॅटरीला अनुसरून चार्ज करणारी आणि रविवारी देवदर्शनाला जाणारी. कर्ज गरजेपेक्षा कमी देऊ नये, तसेच जास्तही देऊ नये.

अखेर मूळच्या जातीचीच बॅटरी घ्यावयाचे ठरले. एजीएम प्रकारात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून धरलेले असते. ते सांडत नाही, आणि चार्ज होताना निर्माण होणारा वायू बहुतांशी आतच पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो. नळी तरीही जोडावयाचीच. दुकानात आम्ही लांबी-रुंदी-उंची, अँपिअर-तास, थंड स्थितीत गाडी सुरू करण्याची क्षमता आणि धन-ऋण टोकांची बाजू जुन्या बॅटरीशी ताडून पाहिली. त्यानंतर निर्मितीचा महिना वाचला, कारण फळीवर पडलेली बॅटरीही हळूहळू रिकामी होते. मीटर लावला, तो १२.८ व्होल्ट दाखवीत होता. १२.४ च्या खाली असती तर मी ती घेतली नसती. हमीपत्रातील पूर्ण बदलून मिळण्याचे महिने कोणते आणि घसारा वजा करून मिळणारे कोणते, हेही वेगळे लिहून घेतले.

मिस्त्रींनी शेवटी संगणकात नोंद केली. या गाडीचा संगणक बॅटरीच्या वयाचा हिशेब ठेवतो आणि तिला त्या मानाने चार्ज करतो. नोंद न केल्यास तो नव्या बॅटरीला जुनीच समजत राहतो. म्हणजे नव्या खात्यात जुन्या खातेदाराची बाकी ओढल्यासारखे! जुनी बॅटरी दुकानदाराने वजावटीत घेतली. तिच्यातील शिसे वितळवून पुन्हा वापरता येते; उकिरड्यावर टाकली असती, तर तेच शिसे आणि आम्ल मातीत उतरून असंख्य जिवांना बाधले असते.

रविवारी गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. भाच्याने पाहुण्यांना बॅटरीची पावती दिली आणि गाडी दोन वर्षे उभी होती हेही न विचारता सांगितले. त्यांनी वाकून टायर पाहिले, बाजूंना पडलेल्या बारीक भेगा दाखविल्या आणि टायरांपोटी किंमत कमी करून मागितली. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. त्याने ती किंमत मान्य केली.

त्या रात्री अक्काने त्याला रोजमेळ लिहावयास बसविले. एका बाजूस गाडीची रक्कम जमा झाली, दुसऱ्या बाजूस बॅटरी खर्ची पडली. टायरांपोटी सोडलेली रक्कम कोणत्या खात्यात लिहू, असे त्याने मला विचारले. छत्तीस वर्षे खतावण्या तपासूनही त्याचे उत्तर मला चटकन सुचले नाही. अक्काच म्हणाली, "लिहू नकोस. ती दुकानाच्या नावात जमा झाली."