माहेर हॅम्बुर्ग, सासर कोल्हापूर

मैत्रिणींनो, कोल्हापूरला आलात की अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा एवढं करून परत जाता ना? आज मी तुम्हांला शिवाजी उद्यमनगरात नेते. फौंड्र्यांचा धूर, लेथची घरघर आणि वाटेवर लोखंडाचा कीस. चपला जाड तळाच्या घाला! तिथल्या एका शेडमागे आमच्या मामंजींचा तीनचाकी टेम्पो कित्येक वर्षं पडून होता. मामंजी गेले, शेड रिकामी करायची वेळ आली आणि भंगारवाल्याला शनिवारी या म्हणून सांगून झालं.

"जुनी रिक्षाच ती, त्यात काय बघायचंय?" इति आमचे हे. पण रिक्षाचं इंजिन मागे असतं. ह्याचं पुढे, नाकाडात, एकुलत्या एका चाकावर बसवलेलं; गाडी ओढायची तीही त्याच चाकाने. ह्या नाकाडामुळेच लोक तिला 'डुक्कर' म्हणत. नंबरपट्टी एमएच-०९ च्या आधीची. शाळा सुटल्यावर मी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन गेले. पट्टीवरचा रंगाचा थर निघाला, तशी खालून अक्षरं आली – 'टेम्पो'.

आपण माल वाहणाऱ्या कुठल्याही गाडीला टेम्पो म्हणतो, पण ते मुळात हॅम्बुर्गच्या 'विडाल अँड सोन' कंपनीच्या गाड्यांचं नाव! ही त्यांची १९४९ साली निघालेली 'हान्सेआट', चारशे सीसीच्या चिमुकल्या इंजिनाची. जर्मनीत १९५६ साली तिचं उत्पादन थांबलं. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली त्याच कंपनीच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' काढली आणि ती इकडे बनू लागली. माहेरी नाव पुसलं गेल्यावर पोरीने सासरी एवढा मोठा संसार केला, म्हणा ना! आकुर्डीच्या त्या कंपनीचंही नाव २००५ साली बदलून 'फोर्स मोटर्स' झालं. शब्द तेवढा आपल्या तोंडी राहिला.

रात्री जेवताना हे सगळं मी हौसेने सांगितलं. सासूबाईंना जर्मनीचं काहीच कौतुक वाटलं नाही. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "गुऱ्हाळावरनं गुळाचे रवे मार्केट यार्डात न्यायचे. थंडीत पहाटे चालूच व्हायचा नाही मेला. मग मी मागनं ढकलायची. हा पोटात होता, तरी ढकललाय."

हे ताटावरून उठले ते फोनकडे. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं.

शनिवारी टेम्पो क्रेनने आमच्या अंगणात उतरला. त्यासाठी तुळस हलवावी लागली, म्हणून सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. इंजिन अजून जाम आहे. उद्यमनगरातले एक म्हातारे मिस्त्री ह्या रविवारी बघायला येणार आहेत. जेवायला तांबडा-पांढरा करीन म्हटलंय, तेव्हा येतील नक्की.