केशरसाठी घर

१४ जून २०२५, शनिवार

तळजईच्या टेकडीवरून उतरताना चहाच्या टपरीशेजारी, बंद पडलेल्या टेम्पोखाली ती दिसली. फिकट पिवळी लॅब्रेडॉर, मादी. टपरीवाले काका म्हणाले, "गुरुवारपासून इथंच आहे ताई. पहाटे कोणीतरी गाडीतून सोडून गेलं. कुठलीही गाडी थांबली की उठते, दाराचा वास घेते आणि परत येऊन बसते." काकांनी टाकलेली बिस्किटं तशीच भिजत पडली होती. पाणी मात्र ती पातेलंभर प्यायली.

जवळ बसले तेव्हा नीट दिसलं. गळ्याभोवती पट्ट्याच्या जागी केस झडून कातडी काळी, गुळगुळीत झालेली. आचळं लोंबणारी. दोन्ही कोपरांना जाड घट्टे. नखं इतकी वाढलेली की बोटं वाकडी पडत होती. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या, मोजता येणार नाहीत इतक्या.

एका भल्या रिक्षावाल्याने खाली गोणपाट अंथरून दोघींना घरी आणून सोडलं. आमचं घर पहिल्या मजल्यावर. पहिल्या पायरीपाशी ती थांबली आणि थरथरायला लागली. ओढून बघितलं नाही, तिला चादरीत घालून ह्यांनी आणि मी वर उचलून आणलं. गॅलरीत ठेवली आहे. सासूबाई वॉकर टेकत आल्या, बराच वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळंतिणीसारखी ओढली आहे गं ही."

१६ जून, सोमवार

दवाखाना. केसपेपरवर नाव काय लिहायचं म्हणून विचारलं तेव्हा घरी फोन लावला. सासूबाईंनी क्षणात सांगितलं, "केशर."

मानेवरून, खांद्यांवरून यंत्र फिरवून पाहिलं. चिप नाही. वय सहा-सात वर्षं, वजन बावीस किलो. या जातीच्या मादीला हे फारच कमी. हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट ४८ हजार, निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. गोचीडताप आहे. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, तेही पोटभर खाऊ घालून मगच, नाहीतर उलटी होते.

मग डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून मला सुळे दाखवले. पुढून ठीक होते, पण मागची बाजू पार घासून सपाट झाली होती. "पिंजऱ्याचे गज चावून होतं हे," ते म्हणाले. पोटावर सिझेरियनचा जुना व्रण आहे. कोपरांचे घट्टे सिमेंटच्या जमिनीवर पडून राहिल्याचे, वाढलेली नखं कधी फिरायला न नेल्याची. "ही कोणाच्या घरातली नव्हती. पिल्लांसाठी ठेवलेली होती. आता पिल्लं होईनात, म्हणून सोडली असणार."

रात्री २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम काढून वाचले. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिला लावायचं नाही, आठ वर्षांपुढे नाही, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही. सगळं कागदावर स्वच्छ लिहिलेलं आहे. आणि केशर माझ्या गॅलरीत भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. बास्केटमधलं गोंडस पिल्लू विकत घेणाऱ्या किती जणांनी त्याची आई पाहायला मागितली असेल? आई दाखवा म्हटलं, तर अशी दुकानं निम्मी बंद पडतील असं मला वाटतं.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात आल्या. रस्ते बंद, केशरला सलाईनसाठी दवाखान्यात नेता आलं नाही, म्हणून सुई घरीच टोचली. डॉक्टरांनी फोनवर धीर दिला. दुपारी तिने पहिल्यांदा आपणहून भात खाल्ला.

२ जुलै, बुधवार

चौकीत अर्ज देऊन आले. हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, पण गाडीचा नंबर नाही, टपरीवर कॅमेरा नाही. जनावराला उपाशी-तहानेलं मरायला सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. कायद्याला पासष्ट वर्षं झाली, दंड अजून एवढाच. तिच्या एका दिवसाच्या गोळ्या याहून महाग आहेत. हा दंड बदलला पाहिजे, असं पत्र आमच्या आमदारांना लिहिलं आहे.

१३ जुलै, रविवार

आज केशर जिना उतरली!

श्रेय सासूबाईंचं. मी चिकनचे तुकडे ठेवून पाहिले, ह्यांनी खालून हाका मारल्या, ती जागची हलली नव्हती. सासूबाईंना खुब्याच्या ऑपरेशननंतर जिन्याचा व्यायाम सांगितला आहे, रोज तीन पायऱ्या. त्या एका हाताने कठडा धरतात, आधी दुखरा पाय खाली, मग दुसरा, मग श्वास. केशर दारातून हे रोज बघत होती. आज सासूबाई दुसऱ्या पायरीवर थांबलेल्या असताना हिने पुढचा एक पाय खाली टाकला. मागे घेतला. परत टाकला. दोन्ही पाय खालच्या पायरीवर आणि मागचं धड वर, अशी कितीतरी वेळ उभी. सासूबाई वळल्या नाहीत, बोलल्या नाहीत, तिसऱ्या पायरीवर गेल्या. मग हिचे मागचे पाय धपकन आले. पोळीचा तूप लावलेला तुकडा सासूबाईंनी साडीच्या ओच्यात जपून आणला होता, तो तिथेच मिळाला.

ती इथेच राहू दे, असं ह्यांच्या तोंडावर आलं होतं, मला दिसलं. पण वजन वाढतंय तशी ती दारापाशी उसळी घेते, आणि सासूबाईंचा वॉकर दोनदा हलला आहे. पुन्हा हाड मोडलं तर त्या उठायच्या नाहीत. घर दुसरं शोधायचं.

१५ जुलै, मंगळवार

प्लेटलेट दोन लाख दहा हजार. आता फोटो काढून मजकूर फिरवायला हरकत नाही.

मजकूर मी असा लिहिला: वय सहा-सात. पिल्लू नाही. गोचीडताप होऊन गेला आहे, पुन्हा उलटू शकतो, वर्षातून रक्त तपासावं लागेल. घरात शी-शू कुठे करायची हे अजून शिकते आहे. हातात काठी किंवा झाडू दिसला की कोपऱ्यात जाते. ढोलाला घाबरते. पुरुष एकदम अंगावर वाकला तर लघवी होते. नसबंदी करूनच देणार.

मैत्रीण म्हणाली, असं लिहिलंस तर कोण घेईल? मला नेमकं हेच हवं आहे. हे वाचून जो फोन करील त्याच्याशीच बोलायचं. ज्या कुत्र्याचे गुण सांगून आणि दोष झाकून घर मिळवलं जातं, ते महिन्याभरात परत येतं किंवा परत रस्त्यावर जातं. केशरने एकदा गाड्यांची दारं हुंगून पाहिली आहेत, तेवढं पुरे.

२७ जुलै, रविवार

फोन पुष्कळ आले. बहुतेकांचा पहिला प्रश्न "पेपर आहेत का?" काहींना नसबंदीच्या आधी हवी आहे. एक जण स्पष्टच म्हणाला, एक वेत घेऊन मग ऑपरेशन करू, खर्च मी देतो. फोन ठेवून दिला.

मुळशीकडे फार्महाऊस असलेले एक गृहस्थ प्रेमाने बोलले. रात्री तिथे कोण असतं, विचारलं. कोणी नसतं, म्हणूनच कुत्रं हवं, साखळी लांब ठेवू, म्हणाले. नाही म्हटलं. ते दुखावले. पण रिकाम्या बंगल्याच्या राखणीला माणसाच्या सोबतीवर जगणारं जनावर बांधून ठेवणं म्हणजे पिंजरा तोच, फक्त आभाळ वर.

वाईट वाटलं ते कोथरूडच्या एका तरुण जोडप्याचं. दोघं येऊन जमिनीवर बसली, तिच्याकडे न बघता आमच्याशी बोलत राहिली, शेवटी तीच जाऊन मुलीच्या मांडीला टेकून बसली. अगदी योग्य माणसं. पण घर भाड्याचं, अकरा महिन्यांचा करार. मालकाचं दोन ओळींचं पत्र आणा म्हटलं. मालकांनी दिलं नाही. मुलगी फोनवर रडली. मी तिला सांगितलं, स्वतःचं घर झालं की मला फोन कर, तेव्हाही अशी एखादी असेलच.

संध्याकाळ झाली की नदीकाठचा ढोल-ताशांचा सराव आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. मला तो आवाज लहानपणापासून प्रिय आहे. केशर मात्र न्हाणीघरात जाऊन बसते, म्हणून मी रेडिओ आणि पंखा मोठ्याने लावून तिच्यापाशी बसते.

४ ऑगस्ट, सोमवार

ऑपरेशन नीट झालं. गर्भाशय सुजलेलं होतं, पू धरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी काही आठवडे गेले असते तर जीवावर बेतलं असतं. ज्यांना "एक वेत" हवं होतं त्यांना हे सांगायला हवं होतं. टाके दहा दिवसांनी.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. आज सोसायटीच्या बैठकीत तेच, आणि तिथून गाडी केशरवर. "ही पण रस्त्यावरचीच ना?" पाळीव जनावरावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलेलं आहे, तो कागद ह्यांनी नेला होता, त्यामुळे विषय तिथे थांबला.

पण खालच्या मजल्यावरच्या काकूंचं भय खरं आहे. त्यांच्या नातवाला गेल्या वर्षी कुत्रं चावलं, लशीचे सगळे डोस घ्यावे लागले. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. मी त्यांच्यापाशी बसले. केशरचं लशीचं कार्ड दाखवलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून, नसबंदी आणि लस करून त्याच जागी परत सोडायचं, हा २०२३ चा नियम समजावून सांगितला. काकूंचा प्रश्न मला अजून टोचतोय, "मग नवीन येतात कुठून?" काही अशी येतात, काकू. नसबंदी न केलेली मादी कोणीतरी गाडीतून उतरवतं, त्रेसष्ट दिवसांत तिला सात-आठ पिल्लं होतात, आणि वर्षात ती दोनदा माजावर येते. न्यायालयात, टीव्हीवर, बैठकीत रस्त्यावरच्या कुत्र्याची चर्चा होते. त्याला तिथे सोडून जाणाऱ्या माणसाचा विषयच निघत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

सासवडला जाऊन आलो. डॉक्टरांच्या ओळखीतून आलेलं घर. एसटीतून निवृत्त झालेले वाहक काका आणि त्यांची पत्नी, काकू; धाकटा मुलगा-सून शेजारच्याच घरात. त्यांचा म्हातारा कुत्रा हिवाळ्यात गेला. पालखीचा मुक्काम असला की तो वारकऱ्यांच्या घोळक्यात जाऊन झोपायचा, असं काकू सांगत होत्या.

दिवे घाटात केशर माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. तिथे मी घर सगळं फिरून पाहिलं. अंगणाला पुरुषभर उंच भिंत. फाटकाखालच्या फटीतून जनावर निसटेल असं मी म्हणायच्या आत काकांनी तिथे लावायची फळी दाखवली, कापून तयार होती. साखळी कुठे दिसली नाही. रात्री ती कुठे झोपणार? "आमच्या खोलीत. आधीचा पण तिथेच असायचा." जनावरांचा डॉक्टर पायी अंतरावर. तुम्हा दोघांना काही झालं तर? सून पुढे आली, "मी आहे की."

पण माझं मन त्यांनी आधीच जिंकलं होतं. फोनवर सगळे विचारतात ती काय काय करते, शेकहँड देते का. काकांनी विचारलं होतं, "तिला काय आवडत नाही ते आधी सांगा." मी यादी वाचली, आणि ते मध्ये न बोलता ऐकत राहिले. आज अंगणात केरसुणी दिसली नाही. घराच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या आड ठेवली होती. केशर काकांपासून लांब बसली. ते ओट्यावर तिच्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसले. आम्ही निघायच्या सुमाराला तिचं नाक त्यांच्या कोपराशी होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी दिल्लीच्या कुत्र्यांचा तो आदेश बदलला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडायची, पिसाळलेली आणि हल्ला करणारी वगळून. हे योग्य झालं. खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायलाही सांगितलं आहे, ते आमच्या प्रभागात कोण करतं ते पाहायचं.

गणपतीच्या आत तिला सासवडला न्यायचं ठरलं. तिथेही ढोल असतील, पण काकांचं घर वस्तीपासून आत आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

पोचवून आलो. तिची चादर न धुता दिली, वासाला हवी म्हणून. औषधांचा कागद, रक्ताचे अहवाल, लशीचं कार्ड काकूंच्या हातात दिलं. करार केला आहे: कधीही, कुठल्याही कारणाने जमलं नाही तर ती फक्त माझ्याकडेच परत येईल, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. काकांनी वाचून सही केली. पंधरा दिवस त्यांच्याकडे पाहुणी, मग कायमची.

सासूबाई आल्या नाहीत. सकाळीच तिला पोळी भरवली आणि देवघरात जाऊन बसल्या.

७ सप्टेंबर, रविवार

काकांचा फोन. विसर्जनाच्या रात्री ती पलंगाखाली होती, काकूही खाली चटई टाकून तिच्याजवळ झोपल्या. खाणं व्यवस्थित. वजन एकोणतीस किलो. डाव्या कानाला खाज आहे, डॉक्टरांना दाखवून थेंब आणले आहेत. सकाळी ती काकांबरोबर दूध आणायला जाते. झाडूला अजून घाबरते.

मग म्हणाले, "पंधरवडा झाला. आता कायमचं करून टाका." ऑपरेशनच्या वेळी बसवलेल्या चिपच्या फॉर्मवर मालकाचा रकाना मी कोरा ठेवला होता. तिथे कोणाचं नाव घालू, विचारलं. मागून काकूंचा आवाज आला, त्यांचं दोघांचं काहीतरी बोलणं झालं, मग काका म्हणाले, "हिचं घाला. खाऊ-पिऊ हीच घालते." काकूंचं पूर्ण नाव, पत्ता, फोन लिहून घेतला. सासूबाईंनी फॉर्म मागून घेतला आणि चष्मा लावून अक्षर न् अक्षर तपासलं. उद्या दवाखाना उघडला की देऊन येते.