दुरुस्तीखाली माझी सही

सणसवाडीच्या एका कारखान्यात मी लेखनिक आहे. शिक्षण बी.कॉम. रविवारी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. यंत्रांच्या इंग्रजी सूचना कामगारांसाठी मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आनंद झाला. पण या सूचना प्रोग्रामर मंडळींच्या ‘गिट’ नावाच्या साधनात ठेवलेल्या. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. चाळिशी उलटल्यावर हे जमेल का, या काळजीने दोन रात्री झोप लागली नाही.

शिकवणारा विहारातच भेटला. माझ्याच वर्गात बसलेला मुलगा, आता संगणक अभियंता. म्हणाला, “सर, घाबरता काय? ही तुमची कीर्दच आहे.”

खरेच तसे निघाले. लिनक्स या संगणक प्रणालीवर जगभरचे प्रोग्रामर एकत्र काम करतात. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहावी म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट तयार केले. ते फुकट मिळते. कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. इथेही ‘अ‍ॅड’ म्हणजे व्हाउचर नोंदीसाठी बाजूला काढणे आणि ‘कमिट’ म्हणजे नाव, तारीख व कारणासह नोंद पक्की करणे. ‘डिफ’ म्हटले की जुन्या व नव्या मजकुरातला फरक समोर येतो. जुन्या फॉन्टमधले मराठी दुसऱ्या संगणकावर वाचता येईना, म्हणून युनिकोडमध्ये टाइप करायलाही शिकलो.

एके दिवशी एका हेल्परने मला सूचना दाखवली: ‘यंत्र थांबवल्यावर गार्ड उघडावा.’ तो म्हणाला, “दादा, बटण दाबून थांबवले तरी रोलर थोडा वेळ फिरतच असतो. कोणाचा हात जाईल!” ‘थांबल्यावर’ हवे होते, तिथे ‘थांबवल्यावर’ झाले होते. एका ‘व’ने घात केला असता.

कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे सांगणारी आज्ञा आहे, ‘ब्लेम’. म्हणजे दोष. ती टाइप केली. पडद्यावर माझेच नाव आले.

मोर्चात, निवेदनात मी वर्षानुवर्षे म्हणत आलो की, चूक करणाऱ्याचे नाव नोंदीवर आलेच पाहिजे. आता नाव माझे होते. गिटमध्ये जुना इतिहास बदलण्याचीही सोय आहे, हे मला ठाऊक होते. क्षणभर मोह झाला. मग नवी ओळ लिहिली: ‘यंत्र पूर्ण थांबल्यावरच गार्ड उघडावा.’ कारणात लिहिले, ‘माझी चूक; हेल्परने लक्षात आणून दिली.’ छापील कागद त्याच दिवशी बदलला.

आमच्या गावाजवळच भीमा कोरेगावचा जयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले होते. ती नावे शौर्याची; माझे नाव एका साध्या चुकीपुढे. पण नोंद न पुसण्याचे मोल मला त्याच दगडाने शिकवले.

बंधू-भगिनींनो, मुलांना ही साधने शिकवाच, पण स्वतःही त्यांच्या शेजारी बसा. हिशेबाची वही सांभाळणाऱ्याला ती परकी वाटणार नाहीत. जयभीम.