हिमालय, समुद्र आणि पटर

ओल्ड कोर्सवर खेळायचं बजेट नव्हतं, म्हणून स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये मी कळसाचं दर्शन घेतलं. म्हणजे गोल्फ म्युझियम! तिथे काचेआड जुने क्लब आहेत. काहींच्या लाकडी हेडच्या पाठीत चक्क शिसं ओतलेलं, काही नुसतीच लोखंडी पाती. अशा पात्यावर चेंडू मधोमध बसला तर क्या बात! जरा सरकला की पातं हातातच वळतं आणि चेंडू भलतीकडे.

यावर इलाज शोधला कार्स्टन सोल्हाइम या इंजिनियरनं. नोकरी जनरल इलेक्ट्रिकमध्ये, पण पटिंगनं पार वैतागलेला. 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या घराच्या गॅरेजमध्ये त्यानं पटर बनवला. मधलं वजन काढून दोन्ही टोकांना दिलं. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आडवी लांब काठी धरते ना, तसंच. वजन टोकाला गेलं की वस्तू सहजी फिरत नाही. चेंडू लागला की आवाज यायचा ‘पिंग’. तेच कंपनीचं नाव! पुढे आयर्न आणि ड्रायव्हरही याच वाटेनं गेले. हेड इतकी फुगली, की नियमानं 460 घनसेंटिमीटरवर ब्रेक लावला.

चीटिंग? मला नाही वाटत. खात्री करायला जवळच्या ‘हिमालयाज’वर जा. 1867 पासूनच्या लेडीज पटिंग क्लबचं हे समुद्राजवळचं उंचसखल हिरवळीचं मैदान. पर्यटकांनाही खेळता येतं. माझा पटर टोकाला वजनदार होता, पण चढउतार वाचायचे कुणी? शेजारच्या स्कॉटिश आजींनी पातळ पात्याच्या जुन्या पटरनं मला आरामात हरवलं.