वज्रलेप

‘वज्रलेप’ हा शब्द मराठी माणसाला बहुधा देवळाच्या संदर्भात भेटतो. पंढरपूरच्या मूर्तींना २०२० साली असा लेप दिला गेला, तेव्हा तो वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. टेंभुर्णीची कच्ची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले वगैरे पाण्यात उकळून काढा आटवायचा, त्यात गुग्गुळ, राळ अशी द्रव्ये मिसळायची आणि तो तापवून देवळाला किंवा मूर्तीला लावायचा. हा लेप कोटी वर्षे टिकतो, असे आश्वासनही तिथे आहे. आम्ही दोघी बहिणींनी गेल्या हिवाळ्यात बाबांच्या लाल मारुतीला जे सिरॅमिक कोटिंग केले, त्याच्या बाटलीवरचे आश्वासन दोन वर्षांचे होते.

बाबांना जाऊन वर्ष झाले होते. गाडी विकायची नाही, हे आईने एका वाक्यात सांगितले. मग निदान तिचा रंग तरी राखावा, म्हणून आम्ही हा उद्योग अंगावर घेतला.

लेप लावणे हा या कामाचा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग असतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आधी शाम्पूने धुणे, मग ओल्या पत्र्यावर मऊ क्ले फिरवून रंगात रुतलेले कण उचलणे, मग पॉलिश, मग त्याचा तेलकटपणा अल्कोहोलने पुसणे. यात हयगय चालत नाही, कारण लेपाखाली जे राहील ते तसेच राहून जाते. पॉलिश म्हणजे काय, हेही तेव्हाच उमगले. त्याने ओरखडा भरून निघत नाही. आजूबाजूचा रंग झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. आमच्या गाडीच्या रंगावर पारदर्शक थर नव्हता, त्यामुळे फडके लाल होत होते. चमक येते आहे, म्हणून आम्ही खूश होतो.

असे करत चालकाच्या दाराशी आलो. कुलपाखाली किल्लीचे ओरखडे होते, पंख्यासारखे पसरलेले. ‘बाबा, जरा बघून लावा ना किल्ली, रंग जातोय,’ असे आम्ही दोघींनीही त्यांना कधी ना कधी म्हटले होते. कंपवाताचे निदान त्यानंतर दोन वर्षांनी झाले. हात कधीपासून थरथरतो, असे डॉक्टरांनी विचारल्यावर ‘अलीकडेच’ असे आम्ही सांगितले होते. खरे उत्तर या दारावर होते. विद्यार्थ्यांना ओळींमधले वाचा म्हणून सांगणाऱ्या आम्ही, ते रोज पाहत होतो आणि त्यात फक्त खराब झालेला पत्रा वाचत होतो.

हे ध्यानात आले तोवर यंत्र तिथून दोनदा फिरले होते. उथळ ओरखडे गेले होते. खोल होते ते उरले. थोरलीने यंत्र बंद केले. धाकटीचे म्हणणे, आता पूर्णच करू, आईला हे दार उघडताना रोज दिसायला नको. आई चहा घेऊन आली तेव्हा तिलाच विचारले. तिने त्या जागेवरून बोट फिरवले, ‘एवढं राहू दे गं,’ म्हणाली आणि आत गेली.

मग लेप लावला. सावलीत, हातभर भाग घेऊन, आधी आडवा, मग उभा. थोड्या वेळाने पृष्ठभागावर इंद्रधनुष्यी तवंग दिसू लागतो, तेव्हा मायक्रोफायबरच्या कापडाने पुसून तो सारखा करायचा. ओरखड्यांवरही तसाच लावला. पावसाळ्यात पाण्याचे मणी तिथेही धरले आणि ओघळून गेले.

दोन वर्षांनी लेप झिजेल. पुन्हा लावायचा तर आधी पुन्हा पॉलिश करावे लागेल, म्हणजे राखण्यासाठी पुन्हा थोडे झिजवणे आले. कुलपाखालची तेवढी जागा यंत्राविना, नुसत्या फडक्याने पुसून घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे.