औषधाने अंगावर उठते तेव्हा

पावसाळ्यात आमच्या वडखळच्या खाचरांतून लोक दिवसदिवस चिखलात उभे असतात. पायांना चिखल्या होतात, जखमा चिघळतात. वयस्कांना लघवीचा जंतुसंसर्गही होतो. अशा वेळी प्रतिजैविके बहुतेकांना तारतात. म्हणून हे लेखन औषधाची भीती घालण्यासाठी नाही. क्वचित घडणारी, पण जिवावर बेतणारी एक गोष्ट आपल्याला वेळीच ओळखता यावी, एवढाच हेतू आहे.

माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल ही सल्फा वर्गातील गोळी घेत होत्या. दहाव्या दिवशी ताप आला, डोळ्यांची आग होऊ लागली, घोट गिळवेना. मग छातीवर लालसर डाग उठले. शेजारणींना तो गोवर वाटला आणि कडुनिंबाचा पाला उशाशी आला. एका दवाखान्यात उष्णतेचे पुरळ म्हणून मलम मिळाले. दुसऱ्या दिवशी ओठांवर फोड आले आणि चादरीचा स्पर्शही सोसवेना. पेणच्या एका डॉक्टरांनी आधी गोळ्यांचे पाकीट मागितले, गोळी बंद केली आणि तातडीने मुंबईस पाठविले. तीन आठवड्यांनी त्या घरी परतल्या. डोळे मात्र कोरडेच राहिले. आजही दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागतात.

या विकाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. 1922 मध्ये दोन अमेरिकन डॉक्टरांनी तो दोन मुलांमध्ये नोंदविला. 1956 मध्ये ॲलन लायेल यांनी त्वचा मोठ्या प्रमाणात सुटणाऱ्या उग्र रूपाचे वर्णन केले. शरीराची दहा टक्क्यांहून कमी त्वचा सुटते तेव्हाही सुमारे दहांतील एक रुग्ण दगावतो. तीस टक्क्यांहून अधिक सुटली, तर साधारण तिघांतील एक. भाजलेल्या रुग्णासारखीच शुश्रूषा लागते. बहुधा औषध सुरू केल्यापासून चार दिवस ते चार आठवडे या काळात हे उद्भवते. त्यामुळे 'इतके दिवस गोळी सोसली, आता कसे होईल?' हा तर्क फसवा आहे. कुष्ठरोगावरील डॅप्सोन, संधिवातातील ॲलोप्युरिनॉल, फिट्सवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांनीही त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया उमटू शकते.

घरात वयस्क माणूस असेल, तर नव्या औषधाचे नाव आणि सुरू केल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. पुरळासोबत ताप, डोळे लाल होणे, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड, अथवा त्वचा दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढची मात्रा देऊ नये. सर्व औषधांची पाकिटे घेऊन त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. संशयित औषध जितके लवकर थांबेल तितकी वाचण्याची आशा अधिक. केवळ मळमळ वा जुलाब झाले, तर मात्र स्वतःहून औषध सोडू नये, डॉक्टरांना विचारावे.

रुग्ण बरा झाल्यावर त्या औषधाचे नाव चिठ्ठीवर ठळक लिहून त्याच्या पाकिटात आणि फाइलवर ठेवावे, कारण तेच औषध पुन्हा पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते. अशा प्रतिक्रियेची माहिती 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर आपणही कळवू शकता. आत्याबाईंची चिठ्ठी आम्ही चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. ती डबी त्या कुठेही विसरत नाहीत.